गौरवग्रंथातल्या लाल खुणा

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. प्रोग्रामला मी जे सांगितलं ते त्याने केलं, आणि मी जे सांगितलं ते अगदी रीतसर सांगितलं होतं. घरातल्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण ते वेगळं नसतं कधी?

माझ्या सासूबाई गाडी चालवायला शिकवतात. त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, दारात एक पांढरी गाडी आणि त्यांचा आवाज. शहरातले निम्मे लोक त्या आवाजाला घाबरूनच क्लच हळू सोडायला शिकलेत. रस्त्यात कुणी सुरेख वळण घेतलं की सासूबाई म्हणतात, "हा माझा." कुणी वेडंवाकडं घेतलं की म्हणतात, "हा पुलापलीकडच्या स्कूलचा." त्यावर आम्ही वाद घालत नाही.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो. सासूबाईंचा पाय त्यावरून कधी उठलेला कुणी पाहिला नाही. टॅक्सीत मागे बसल्या तरी त्यांचा पाय जमिनीवर दाबलेला असतो. सिनेमाला गेलो तर पडद्यावरच्या गाडीलासुद्धा त्या ब्रेक लावतात, आणि पुढच्या खुर्चीवरचा माणूस दचकून मागे बघतो. लग्नानंतर मी त्यांना एकदाच गाडीतून नेलं. सबंध रस्ताभर मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते, गाडी त्याच चालवत होत्या, शेजारच्या सीटवरून, ब्रेकने. त्या दिवसापासून त्या गाडीत असल्या की मी किल्लीला हात लावत नाही.

तर अशा या सासूबाईंचं गेलं वर्षभर एकच तुणतुणं चाललं होतं. डावा आरसा मळलाय. गाडीत बसलं की पहिलं वाक्य ते. "कुणी पुसतं की नाही हा आरसा? काच धुरकट झालीय. हल्ली काचाच धड बनवत नाहीत." मग शिकायला आलेलं पोर उतरायचं, आरसा चकचकीत पुसायचं आणि परत बसायचं. दहा पावलं गाडी गेली की पुन्हा, "नीट पुसला नाहीस."

घरात सगळ्यांना मनातून वाटत होतं की आता बाईंनी थांबावं. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, आणि त्या दिवसातून किती वेळा त्या गाडीत चढतात-उतरतात ते बघवत नाही. पण सांगणार कोण? माझा नवरा म्हणाला, "तू सांग, तू सून आहेस, तुझं ऐकून घेतील." मी म्हटलं, "तू मुलगा आहेस, तुला घराबाहेर काढणार नाहीत." नणंदेने तर फोनच कट केला.

आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं की पुढच्या महिन्यात नात अठरा पूर्ण करते आहे आणि तिला गाडी मीच शिकवणार. थेट मोठ्या रस्त्यावर. गल्लीबोळात शिकवणं त्यांना मान्य नाही, त्याने माणूस भित्रा होतो म्हणे. माझी लेक टाळ्या पिटायला लागली. मी नाही पिटल्या. का ते तेव्हा मी कुणाला बोलले नाही. आमच्या अंगणातल्या कुंड्यांची गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

यावर तोड काढली ती मामांनी. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. आयुष्यभर एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचं काम करून निवृत्त झालेत. निवृत्त झाले ते वर्तमानपत्रातून, तपासण्यातून नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते पेन्सिल घेऊन वाचतात. मामा म्हणाले, "ताईचा एक गौरवग्रंथ काढू या. समारंभ करू. सगळ्यांनी तिच्याबद्दल चार शब्द लिहायचे. इतका गौरव झाला की माणूस आपणहून म्हणतो, आता पुरे."

कल्पना झकास होती. थांबा असं तोंडावर न सांगता पुस्तकभर सांगायचं. मामांनी सगळ्यांना कळवलं की लेख पाठवा, आणि त्यात एक मजेदार आठवण जरूर घाला. लेख आले. नणंदेचा आला, नवऱ्याचा आला, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा आला, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा आला. शिकून गेलेल्या किती जणांचे आले. मीही लिहिला. प्रत्येकाची फाईल वेगळी, प्रत्येकाचं अक्षर वेगळं. कुणी समास पानभर सोडलेला, तर बेकरीवाल्याने सगळा लेख एकाच दमात, मध्ये एकही टिंब न देता लिहिलेला.

मामा त्यावर तुटून पडले. त्यांना मी संगणकावर लाल खुणांनी दुरुस्ती करायला शिकवलं होतं, ती माझी चूक म्हणायची तर म्हणा. काढलेला मजकूर लाल रेघ मारून तसाच दिसत राहतो, घातलेला मजकूर लाल अक्षरांत शेजारी दिसतो. मामांना ही सोय भलतीच आवडली, कारण आपण किती काम केलं ते जगाला दिसतं. दुरुस्त केलेल्या फायली त्यांनी ज्याच्या त्याला परत पाठवल्या, संमतीसाठी. माझी फाईल मी उघडली तर पान गोवर उठल्यासारखं दिसत होतं. मी लिहिलं होतं, "आई शेजारी नसतील तर मी छान गाडी चालवते." त्यावर लाल रेघ, आणि पुढे, "मातुःश्रींच्या सान्निध्यात वाहन चालविण्याचा आनंद अवर्णनीय होय."

मी फाईल बंद केली ती पुन्हा उघडली नाही. इतरांनी तर पहिल्यांदाही उघडली नाही. सगळ्यांनी मामांना एकच उत्तर पाठवलं, "छान झालंय."

आता या सगळ्या फायलींचा एक ग्रंथ करायचा. मामांनी तोही हाताने करायला घेतला. एक फाईल उघडायची, सगळं उचलायचं, दुसरीत आणून टाकायचं. टाकलं की आधीच्या लेखाची अक्षरं बदलायची. ती नीट केली की पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. शेवटी मामांच्या ग्रंथात बहुतेक पानं पहिलीच होती. समारंभ तोंडावर आलेला. रविवारी दुपारी ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसले होते आणि माझी सहनशक्ती संपली.

"मामा, उठा," मी म्हटलं. "हे माणसाचं काम नाही. मी प्रोग्राम लिहिते."

"प्रोग्राम? यंत्राला स्वल्पविराम कळतो का, सूनबाई?"

"यंत्राला काहीच कळत नाही. म्हणूनच ते भांडत नाही."

हे माझं रोजचंच काम आहे. आमच्या ऑफिसात पाणीपुरवठ्याची बिलं वेगवेगळ्या विभागांतून येतात आणि मी लिहिलेला प्रोग्राम ती जोडून छापखान्याला पाठवतो. बिलं मी वाचत नाही. कुणी किती पाणी वापरलं याच्याशी मला काय करायचंय? पान पानाला लागलं, आकडे सलग आले, की माझं काम झालं.

मी प्रोग्राम लिहायला बसले. या फोल्डरमध्ये जा. मी दिलेल्या क्रमाने एकेक फाईल उघड. प्रत्येक लेख नव्या पानावर सुरू कर. सगळ्यांची अक्षरं एकसारखी कर, समास एकसारखे कर, पानांचे आकडे सलग घाल. इथपर्यंत मामा खांद्यावरून बघत होते आणि समजल्यासारखी मान हलवत होते. मग ते पाणी प्यायला उठले आणि मी शेवटच्या कामाला लागले. तो लाल रंग घालवायचा.

आता नीट ऐका, कारण सगळं खापर इथेच माझ्यावर फुटलंय. लाल खुणा घालवायला दोन आज्ञा असतात. एक आज्ञा सगळे बदल मान्य करते, दुसरी सगळे बदल फेटाळते. दोन्हींनी लाल रंग जातो, दोन्हींनी पान स्वच्छ होतं. आणि मला तर तो लाल रंग डोळ्यांसमोर नको झाला होता. घरात पसारा असला तर आपण काय म्हणतो? हे सगळं मान्य आहे म्हणतो, की हे उचला आणि फेका म्हणतो? माझा हात आपोआप "फेटाळ"वर गेला.

बरं, मी तपासलं नाही असंही नाही. प्रोग्राम आधी एकाच फाईलवर चालवून बघायचा असतो, तसा मी बघितला. कुठल्या फाईलवर? अर्थातच माझ्या. पान स्वच्छ आलं. वाचलं, तर लेख फारच सुंदर वाटला. शब्द न् शब्द जागच्या जागी. एकही चूक दिसेना. मी मनात म्हटलं, काही का असेना, मामांना भाषा कळते हो.

मग मी सगळ्या फायलींवर प्रोग्राम सोडला. मामा पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत ग्रंथ तयार होता. मामांनी पेला खाली ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले.

"झालं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं. पानांचे आकडे बघा."

मामांनी आकडे बघितले. सलग होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संपादकीय उघडून त्यांनी स्वतःचं पहिलं वाक्य वाचलं, "या ग्रंथात एकही अनुचित शब्द राहू नये याची दक्षता संपादकाने घेतली आहे." ते जसंच्या तसं होतं, कारण स्वतःच्या लेखनात मामांना दुरुस्त करण्याजोगं काही सापडलंच नव्हतं. फाईल छापखान्यात गेली. समारंभासाठी एकच प्रत बांधून घ्यायची ठरली, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची. बाकीच्या मागाहून.

समारंभ शनिवारी दुपारी, स्कूलच्याच खोलीत. तक्ते तसेच भिंतीवर होते, त्यामुळे पाहुणे "प्रवेश बंद" आणि "हॉर्न वाजवू नये"च्या खाली बसले होते. बेकरीवाला केक घेऊन आला. दातांच्या डॉक्टरीणबाई केककडे बघून सवयीने हळहळल्या. सासूबाई मधल्या खुर्चीत, नवं पातळ नेसून, कुणावर ओरडावं या विचारात बसल्या होत्या. माझी लेक त्यांच्या खुर्चीच्या हातावर, आणि दोघी सोमवारी सकाळी कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवत होत्या. मी ऐकत होते आणि मला बसवत नव्हतं.

मामांनी ग्रंथ सासूबाईंच्या हाती दिला, टाळ्या झाल्या, आणि लगेच परत मागून घेतला. "आता यातला एक निवडक उतारा वाचतो," ते म्हणाले. चष्मा लावला, घसा साफ केला, बेकरीवाल्याचं पान काढलं. "आमचे पावप्रसिद्ध स्नेही लिहितात..."

आणि मामा थांबले.

"लिहितात..." त्यांनी पान पुढे केलं, मागे केलं, डोळ्यांजवळ आणलं. चष्मा पुसला.

"काय लिहितात?" बेकरीवाल्याने कौतुकाने विचारलं.

"फारच छान लिहितात," असं म्हणून मामांनी पुस्तक मिटलं.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून असाच तू. ऐन चढावर गाडी बंद पाडतोस." त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, पानाला नाक लावलं आणि वर्गातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"बाई फार ओरडतात पहिल्या दिवशी मला वाटलं घरी जावं पण गाडीतून उतरायची भीती वाटली म्हणून शिकलो..."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मामा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या क्षणी मला सगळं उमगलं. माझा लेख मला इतका का आवडला होता, तेही.

"सूनबाई," ते पुटपुटले, "माझ्या दुरुस्त्या?"

"फेटाळल्या गेल्या, मामा."

"किती?"

"सगळ्या."

मामा "वाहने उभी करू नयेत"च्या खाली मटकन बसले.

सासूबाई मात्र रंगात आल्या होत्या. एकेकाचा लेख त्या वाचत होत्या आणि लोक खो खो हसत होते. कुणाला त्यांनी एकाच वळणावर इतकं फिरवलं होतं की तिथल्या दुकानदाराने चहा आणून दिला होता. कुणाला त्या म्हणाल्या होत्या, तुझ्यापेक्षा गाडी हुशार आहे, तिचं ऐक. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "माझ्याकडे आलेला पेशंट घाबरला की मी त्याला सांगते, मी बाईंकडे रिव्हर्स शिकलेय, तुम्ही फक्त दात काढताय." सासूबाईंना हसू आवरेना. मामांच्या मवाळ, प्रेमळ, वत्सल मातुःश्री त्यात औषधालाही नव्हत्या. त्या ठिकाणी आमच्या खऱ्या सासूबाई होत्या आणि त्या स्वतःलाच भेटून खूश झाल्या होत्या. मला वाटलं, वाचले मी. चूक झाली खरी, पण सोन्यासारखी झाली.

मग आल्या मजेदार आठवणी.

बेकरीवाल्याची आधी आली. "आता सांगायला हरकत नाही दुकानाबाहेरची माझी पाटी वाऱ्याने पडली असं मी सांगितलं होतं ती बाईंच्या गाडीने पडली पाटी रस्त्याच्या डाव्या बाजूला होती पण मी बोललो नाही एखाद्या वेळी होतं."

लोक हसले. सासूबाईही हसल्या, जरा कमी.

डॉक्टरीणबाईंच्या लेखाच्या शेवटी होतं, "दवाखान्याच्या फाटकाच्या डाव्या खांबाला बाईंची गाडी घासली, तेव्हा मी खिडकीत होते. संध्याकाळी खांब रंगवून घेतला. आपल्या गुरूला असं कोण सांगणार?"

हसू थोडं पातळ झालं.

नणंदेचा लेख. "आईला वाटतं, डावा आरसा कुणीतरी चोरला. चोर कुठला? बाजाराच्या पार्किंगमध्ये तिने तो खांबावर तोडला, मी मागच्या सीटवर होते. ती भाजी घेत होती तेवढ्यात मी तुकडे उचलले."

नवऱ्याचा लेख. डाव्या दाराचं पत्र्याचं काम. आई मावशीकडे गेली होती तेव्हा करून घेतलं.

मग माझं पान आलं. मी खाली बघायला लागले. "अंगणातल्या डाव्या हाताच्या कुंड्या मांजराने फोडल्या असं मी घरात सांगितलं. आमच्याकडे मांजर येत नाही. कुंड्या आईंच्या गाडीखाली गेल्या, आणि आई उतरून मला म्हणाल्या, कुंड्या कुणी हलवल्या गं?"

आता कुणीच हसत नव्हतं. माझी लेक खुर्चीच्या हातावरून उठून उभी राहिली होती. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. नवरा नणंदेकडे, नणंद माझ्याकडे, मी बेकरीवाल्याकडे. तुझ्याकडेही? हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. वेगवेगळ्या फायलींत ही एकेक गंमत होती. एका पुठ्ठ्यात बांधल्यावर ती गंमत राहिली नव्हती.

सासूबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "सगळं डावीकडचंच आहे."

त्यांनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली.

"तुम्हाला प्रत्येकाला वाटलं, आपल्याच वेळी एकदा झालं."

"हो आई," नवरा म्हणाला. "मला वाटलं, एखाद्या वेळी होतं."

"आणि तू?" त्यांनी मामांना गाठलं. "तू तर सगळ्यांचं वाचलंस. तुला दिसलं नाही?"

मामा उठून उभे राहिले, शाळेत उभे राहतात तसे. "ताई, मी मजकूर वाचत नाही. मी शुद्धलेखन बघतो. अपघात दिसला की शोभत नाही म्हणून काढत गेलो."

"आणि तू जोडलंस," त्या माझ्याकडे वळल्या. "तूही वाचलं नाहीस."

"मी पानांचे आकडे बघते, आई," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर मला स्वतःलाच भिकार वाटलं.

"गाडीला आरसे किती?" सासूबाई अचानक ओरडल्या. तो आवाज ऐकून खोलीतला प्रत्येक माणूस ताठ बसला.

"तीन!" सगळे एका सुरात म्हणालो.

"मग? काय शिकवलं मी तुम्हाला? एवढी माणसं, आणि सगळे एकेका आरशात बघून गाडी हाकत होतात! एकानेही शेजाऱ्याला विचारलं नाही, तुला काय दिसतंय म्हणून. नापास. सगळेच्या सगळे नापास."

त्यांचा आवाज शेवटी चिरकला. मग त्यांनी हळूच उजवा डोळा हाताने झाकला आणि उरलेल्या डोळ्याने समोरच्या भिंतीकडे, आपल्याच तक्त्यांकडे बघितलं. हे त्यांनी आधी कधी करून बघितलं नसेल असं मला वाटत नाही. पण आमच्यासमोर पहिल्यांदाच केलं. हात खाली घेऊन त्या म्हणाल्या, "आरसा स्वच्छच होता तर. किती पोरांना उगीच पुसायला लावला."

मला रडू आलं. लपवायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या आणि आस्ते म्हणाल्या की त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात, आत्ता असतील, मी फोन करते. बहुधा मोतीबिंदू असेल, होतं बरं या वयात, काढला की झालं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. दुसरं कुणी असतं तर धीरासाठी खांद्यावर कुणाचा तरी हात ठेवून घेतला असता. त्या उठल्या आणि पातळ नीट केलं.

"चला मग. आत्ताच जाऊ. परत आल्यावर केक कापू." मग नातीकडे वळून, "सोमवारचा धडा पुढे ढकललाय. रद्द नाही. तोवर क्लचचा धडा पाठ कर."

"हो आजी," लेक म्हणाली आणि त्यांना घट्ट बिलगली.

नवऱ्याने हात पुढे केला. "दे किल्ली, आई. मी चालवतो."

"तू नको. ही चालवेल." किल्ली माझ्या हातात पडली. "ही लिहिते, मी शेजारी नसले की छान चालवते. बघू दे मला."

मामांनी लाल रेघ मारून ज्या वाक्यापासून मला वाचवायचा प्रयत्न केला होता, त्याने मला असं गाठलं. पांढऱ्या गाडीत मी स्टिअरिंगशी बसले, सासूबाई शेजारी, दुसऱ्या ब्रेकसमोर. मागे मामा, निळा ग्रंथ छातीशी धरून, आणि लेक. मी गाडी सुरू केली. एरवी इतक्यात तो ब्रेक एकदा तरी लागलाच असता. मी वाट बघितली. लागला नाही. मी खाली नजर टाकली, तर सासूबाईंनी चपला काढल्या होत्या, दोन्ही पाय वर घेतले होते आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी सीटवर चक्क मांडी घातली होती.

"माझ्याकडे काय बघतेस? रस्त्याकडे बघ."

मी रस्त्याकडे बघितलं. बेकरीवाल्याची पाटी आता दुकानाच्या भिंतीला लावलेली होती. वळण आलं, ते मी घेतलं. "हा माझा" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण "पुलापलीकडचा" असंही म्हणाल्या नाहीत. मग दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं, आणि त्याचा नवा रंगवलेला डावा खांब. सासूबाईंनी मान तिकडे वळवली आणि तशीच धरली.

"तिकडचं तूच बघ गं," त्या म्हणाल्या. "मला डावीकडचं दिसत नाही."

मग मागच्या सीटवरून मामांचा हलका, समजूत काढणारा आवाज आला, "ताई, अगदीच 'दिसत नाही' असं कशाला म्हणायचं? 'किंचित अंधुक भासते' असं..."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं तसंच राहू दे."

मी गाडीचा वेग कमी केला आणि त्यांना सांगत गेले, खांब वीतभर लांब आहे, आता मागे गेला, आता आपण आत आहोत.